ही शपथ सोडवायची कुणी?

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडे बेलभंडार उचलला की शब्द फिरवायची छाती होत नाही. नायजेरियातल्या बेनिन सिटीत असाच शब्द मुलींकडून घेतला जातो, युरोपात देहविक्रीला लावण्यासाठी. या विधीला तिथे ‘जुजू’ म्हणतात.

इटलीत काम मिळवून देते, असं सांगणारी ती ‘मॅडम’. ती मुलीला तिथल्या देवऋषाकडे नेते. तो केस, नखं ठेवून घेतो, अंगावर ब्लेडने चरे पाडून त्यात भुकटी चोळतो. मुलगी शपथ घेते: कर्ज फेडीन, पळणार नाही, पोलिसांना नाव सांगणार नाही. मोडली तर वेड लागेल, घरातलं कुणी दगावेल. मग लिबिया, समुद्र आणि परक्या शहरातला रस्ता. तिथे दार उघडं असलं तरी ती जात नाही.

पोलीस विचारतात, कुणी कोंडलं होतं का? ती म्हणते, नाही. खटला तिथेच लंगडा पडतो.

खरं तर मानवी तस्करीविरोधातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने, २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलने, वाट करून ठेवली आहे. धाक, फसवणूक किंवा अगतिकतेचा गैरफायदा असेल, तर मुलीच्या संमतीला अर्थ उरत नाही. जुजू खरा की खोटा, हे न्यायाधीशाने ठरवायचंच नाही. तिचा विश्वास होता का, आणि समोरच्याने तो वापरला का, एवढंच बघायचं. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयात हे दिसलं. लंडनच्या एका नर्सने नायजेरियन तरुणींना जर्मनीत पाठवलं होतं. आधी कोंबडीचं काळीज खायला लावलं, मग डोक्यावर ३०,००० युरोंच्या वर कर्ज. तिला १४ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती १८ वर्षं केली.

पण निकालाने आरोपी तुरुंगात जाते, मुलीच्या मनातली शपथ तशीच राहते. त्याच वर्षी ९ मार्चला बेनिन सिटीचे पारंपरिक राजे, ओबा एवारे दुसरे, यांनी देवऋषांना राजवाड्यात बोलावलं, असल्या सगळ्या शपथा रद्द केल्या आणि तस्करांनाच शाप दिला. त्यानंतर युरोपातल्या काही मुलींनी हप्ते थांबवले. एका अंधश्रद्धेवर दुसरी, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्या भाषेत गाठ मारली, त्याच भाषेत ती सुटली, इतकंच. मात्र राजाच्या शब्दाने शिक्षा होत नाही. त्यासाठी बेनिन सिटी ज्या राज्यात आहे, त्या एडो राज्याने त्याच वर्षी तस्करीविरोधी कायदाही केला.

महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही देव आहे की नाही या वादात पडत नाही. अलौकिक शक्तीचा धाक घालून माणसाला नाचवलं, तर तो गुन्हा.

म्हणून अशी मुलगी समोर आली, तर ‘कोंडलं होतं का’ हा प्रश्न मागाहून विचारावा. आधी विचारावं, ‘तुझे केस कुणाकडे आहेत?’