विमा आहे, तरी पोटात गोळा

श्रोतेहो, नमस्कार.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. गेल्या उन्हाळ्यात तिचा मुलगा सायकलवरून पडला, मनगट सुजलं. तिनं फोन हातात घेतला, पण डॉक्टरांना लावला नाही. जवळचा हाडांचा डॉक्टर आपल्या विम्याच्या 'नेटवर्क'मध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत, बसतो का, ते आधी शोधत बसली. मूल शेजारी रडतंय आणि आई यादी चाळतेय. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

तिला विचारलं, "विमा कसा आहे गं तुमचा?" तर म्हणाली, "चांगला आहे की, ताई."

असं म्हणणारी ती एकटी नाही. आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या केएफएफ या संस्थेनं २०२३ मध्ये विमाधारकांना हेच विचारलं, तेव्हा दहातल्या आठ जणांनी आपल्या विम्याला चांगला किंवा उत्तम म्हटलं. पण ५८ टक्के लोकांना वर्षभरात तोच विमा वापरताना काही ना काही अडचण आली होती. आणि ज्यांची प्रकृती बरी नसते, त्यांच्यात समाधान कमी. मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. विमा न लागणाऱ्याला तो आवडतो. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप या कंपनीनं २०२४ मध्ये देशातल्या उपचारखर्चाबद्दल विचारलं, तेव्हा समाधानी निघाले फक्त १९ टक्के.

खर्च तरी किती? नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा २०२४ मधला सरासरी हप्ता वर्षाला साडेपंचवीस हजार डॉलर. त्यातले सहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात. त्यावर 'डिडक्टिबल': ठरलेली रक्कम खिशातून भरून होईपर्यंत बहुतेक उपचारांना विमा कंपनी पैसे देत नाही.

विमा नोकरीला बांधला गेला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारनं पगारवाढीवर बंधन घातलं, तेव्हा कंपन्यांनी माणसं टिकवायला विमा देऊ केला. पुढे त्याला करसवलत मिळाली. आज नोकरी गेली की विमाही धोक्यात. एच-वन-बी व्हिसावरच्या आपल्या मुलांचा तर व्हिसाही त्याच खुंटीला टांगलेला.

बहिणीच्या घरी तीन आठवड्यांनी पत्र आलं: एक्स-रेचा क्लेम नामंजूर. तिनं मुकाट्यानं पैसे भरले. मला याचं फार वाईट वाटलं. सरकारी विमाबाजारातल्या, म्हणजे सरकारी संकेतस्थळावरून विकल्या जाणाऱ्या खासगी विमा योजनांमध्ये २०२३ साली नेटवर्कमधल्या डॉक्टरांचेसुद्धा पाचातला जवळपास एक क्लेम नाकारला गेला आणि त्याविरुद्ध अपील करणारे शंभरात एकही नव्हते.

तुमचं कुणी तिकडे असेल तर आज रात्री फोनवर एवढं सांगा: नकाराचं पत्र फेकू नकोस, त्यात कारण लिहिलेलं असतं. डॉक्टरांच्या ऑफिसला ते दाखव, कंपनीकडे अपील कर. तिथेही नकार आला तर अनेक प्रकरणांत कंपनीबाहेरच्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते. २०१० च्या ओबामांच्या कायद्यानं हा हक्क दिलेला आहे.