न शिकवलेला धडा

नमस्कार, श्रोतेहो.

आज सुरुवात रेडिओपासूनच करतो. जुलै १९२५. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं डेटन नावाचं लहानसं गाव. तिथल्या कोर्टात एक खटला उभा राहिला आणि शिकागोच्या डब्ल्यूजीएन या रेडिओ केंद्रानं आपले मायक्रोफोन थेट कोर्टात नेऊन ठेवले. अमेरिकेत एखादा खटला रेडिओवरून जसाच्या तसा ऐकवला गेला, तो हा पहिलाच. बाहेर रस्त्यावर जत्रा भरली होती. खेळण्यातली माकडं विकायला आली होती, सूटबूट चढवलेला एक खराखुरा चिंपांझीसुद्धा कुणीतरी आणला होता. आणि हे सगळं कशासाठी, तर एका चोवीस वर्षांच्या मास्तरानं वर्गात उत्क्रांती शिकवली म्हणून.

शिकवली होती का पण? थांबा, तिकडे येतोच.

त्याच वर्षी मार्चमध्ये टेनेसीत बटलर कायदा झाला होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही शाळेत, बायबलमधली मानवाच्या निर्मितीची कथा नाकारून माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं शिकवायचं नाही; शिकवलं तर १०० ते ५०० डॉलर दंड. गंमत बघा, घोड्याची उत्क्रांती शिकवायला या कायद्याची काहीच हरकत नव्हती. बंदी होती ती माणसापुरती. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेनं वर्तमानपत्रात जाहीर केलं की, या कायद्याला आव्हान द्यायला कुणी शिक्षक तयार असेल तर खटल्याचा भार आम्ही उचलू. डेटनमधल्या काही मंडळींनी ते वाचलं. गावाला बरे दिवस नव्हते. असा खटला आपल्याकडे झाला तर गावाचं नाव होईल, असा साधा व्यावहारिक हिशेब त्यांनी केला आणि औषधाच्या दुकानात बसून जॉन स्कोप्सला बोलावणं धाडलं.

स्कोप्स मुळात फुटबॉलचा प्रशिक्षक. जीवशास्त्राचे नेहमीचे शिक्षक रजेवर असताना त्यानं काही दिवस तो वर्ग सांभाळला होता. त्याला विचारलं, उत्क्रांती टाळून जीवशास्त्र शिकवता येतं का? तो म्हणाला, नाही येत. त्याच दुकानाच्या फळीवर हंटर यांचं 'सिव्हिक बायॉलॉजी' हे शालेय पुस्तक विक्रीला ठेवलेलं होतं. राज्यानंच मंजूर केलेलं, आणि आत उत्क्रांती! म्हणजे धडा शिकवला तर कायदा मोडतो आणि गाळला तर अभ्यासक्रम. मास्तरानं करायचं काय? स्कोप्स आरोपी व्हायला तयार झाला. मात्र आपण तो धडा वर्गात प्रत्यक्ष घेतला होता की नाही, याची खुद्द त्यालाच खात्री नव्हती. साक्षीच्या पिंजऱ्यात तो कधी उभाच राहिला नाही, त्यामुळे हा प्रश्न त्याला कुणी विचारलाही नाही. ज्या धड्यावरून एवढं रामायण घडलं, तो धडा बहुधा शिकवलाच गेला नव्हता.

सरकारी बाजूला विल्यम जेनिंग्ज ब्रायन होते. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तीनदा लढलेला आणि तीनदा हरलेला नेता, वक्तृत्व असं की माणसं मैलोन्‌मैल चालत ऐकायला येत. समोर क्लॅरन्स डॅरो, त्या काळातला नावाजलेला फौजदारी वकील आणि उघड नास्तिकतेकडे झुकलेला. ब्रायन यांना आज आपण सहज हास्यास्पद ठरवून मोकळे होतो. मला ते पटत नाही. त्यांचं म्हणणं होतं की शाळेचा पगार करदाता देतो, तेव्हा शाळेत काय शिकवायचं हेही त्यानंच ठरवावं. मुद्दा चुकीचा असेल, पण पोकळ नाही. दुसरं म्हणजे, दुबळ्यांनी मरावं आणि सबळांनी जगावं हा निसर्गाचाच नियम आहे, असं डार्विनचं नाव घेऊन सांगणाऱ्यांची ब्रायन यांना धास्ती होती. ती धास्ती हवेतली नव्हती. ज्या हंटरच्या पुस्तकाची बाजू घेऊन पुरोगामी मंडळी लढत होती, त्याच पुस्तकात माणसांचे पाच वंश सांगून गोऱ्यांना सर्वात वर बसवलेलं आहे आणि माणसांची पैदास सुधारण्याच्या गोष्टीही आहेत. बचावाच्या बाजूनं याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

२० जुलैला उकाडा आणि गर्दी इतकी वाढली की न्यायाधीशांनी कोर्ट बाहेरच्या हिरवळीवर आणलं. तिथे झाडांच्या सावलीत डॅरो यांनी ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला उभं केलं. यहोशवाच्या आज्ञेनं सूर्य थांबला, म्हणजे नेमकं काय थांबलं? आदम आणि हव्वा या पहिल्या जोडप्याचा मुलगा काइन, त्याला बायको कुठून मिळाली? सृष्टीचे सहा दिवस चोवीस चोवीस तासांचे होते का? या शेवटच्या प्रश्नावर ब्रायन म्हणाले, तसंच काही नाही, ते मोठमोठे कालखंडही असू शकतील. जमलेल्या अनेक भाविकांना हा डॅरोच्या प्रश्नांपेक्षा मोठा धक्का होता. आपलाच माणूस शब्दाचा अर्थ लावतोय! एकदा अर्थ लावायला सुरुवात झाली की थांबायचं कुठे?

ज्युरीला निकालासाठी नऊ मिनिटं लागली. स्कोप्स दोषी, दंड १०० डॉलर. पाच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच दुपारच्या झोपेत गेले. १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं दंड रद्द केला, पण कारण ऐका: ५० डॉलरच्या वरचा दंड ज्युरीनं ठरवायचा असतो, इथे तो न्यायाधीशांनी ठरवला. कायदा मात्र शाबूत राहिला. शिक्षाच उरली नाही, त्यामुळे पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जायची वाटच बंद झाली.

रेडिओवर ज्यांनी हे सारं ऐकलं त्यांना वाटलं, विज्ञान जिंकलं. पुस्तकं छापणाऱ्यांना वेगळंच ऐकू आलं. पुस्तक खपवायचं असेल तर वाद नको. पुढची दोन-तीन दशकं अमेरिकेतल्या बऱ्याचशा शालेय पुस्तकांत उत्क्रांती आक्रसत गेली. कुठे शेवटच्या प्रकरणात ढकलली गेली, कुठे तिचं नाव न घेता 'बदल', 'विकास' असं मोघम बोलून वेळ निभावली. बंदी घालायची गरजच पडली नाही. चित्र पालटलं ते ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक आकाशात सोडलं तेव्हा. आपली मुलं विज्ञानात मागे पडली या भीतीनं सरकारनं थैली मोकळी केली, जीवशास्त्रज्ञांनी नवी पुस्तकं लिहिली आणि उत्क्रांती पुन्हा मध्यभागी आली. टेनेसीनं बटलर कायदा १९६७ मध्ये मागे घेतला. आर्कान्सामधला तसाच कायदा पुढच्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला. तिथल्या शिक्षिका सुझन एपरसन यांची अडचण स्कोप्सचीच होती: हातात नवं पुस्तक, डोक्यावर जुना कायदा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेच्या सरकारी शाळांत धर्माचं नावही काढता येत नाही, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी शाळेनं घडवून आणलेली प्रार्थना आणि बायबलपठण बंद केलं, हे खरं. पण त्याच १९६३ च्या निकालपत्रात असंही म्हटलेलं आहे की बायबलचा, निरनिराळ्या धर्मांचा, त्यांच्या इतिहासाचा अभ्यास शिक्षणाचा भाग म्हणून तटस्थपणे करायला हरकत नाही. धर्माविषयी शिकवा, धर्म शिकवू नका. मराठीत हा फरक एका 'विषयी'चा आहे. वर्गात उभं राहिल्यावर तो पाळणं किती अवघड, ते शिक्षकालाच ठाऊक.

बंदी टिकत नाही म्हटल्यावर विरोधकांनी भाषा बदलली. ते म्हणू लागले, बंदी नको, समान वेळ द्या. उत्क्रांतीबरोबर 'सृष्टिविज्ञान'ही, म्हणजे विज्ञान म्हणून मांडलेली बायबलमधली निर्मितीकथाही शिकवा. आर्कान्सामध्ये असा कायदा झाला, तेव्हा त्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांत चर्चचे धर्मगुरू मोठ्या संख्येनं होते, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. लुईझियानातला कायदा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी पडला. मग आला तो 'थिअरी' या शब्दाचा खेळ. २००२ मध्ये जॉर्जियातल्या एका जिल्ह्यानं जीवशास्त्राच्या पुस्तकांवर चिकटपट्ट्या लावल्या: उत्क्रांती ही थिअरी आहे, वस्तुस्थिती नव्हे. इंग्रजीत रोजच्या बोलण्यात थिअरी म्हणजे अंदाज, तर्क. विज्ञानात तिचा अर्थ भरपूर पुराव्यांवर उभी असलेली उपपत्ती. या दोन अर्थांच्या फटीत अमेरिकेतला निम्मा वाद राहतो. आपण 'सिद्धांत' म्हणतो, त्यात 'सिद्ध' आधीच येऊन बसलेलं आहे. ती पट्टी मराठीत लिहायची म्हटली तर "हा फक्त सिद्धांत आहे" असं लिहावं लागेल आणि वाक्य स्वतःच्याच पायात पाय अडकून पडेल. न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पट्ट्या हजारो पुस्तकांवरून खरवडून काढाव्या लागल्या.

आणि मग डोव्हर. पेनसिल्व्हेनियातला एक शाळा-जिल्हा. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या शाळा मंडळानं ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीआधी एक निवेदन वाचायचं. सजीवांची रचना कुणा बुद्धिमान शक्तीनं केली, असं मांडणाऱ्या 'इंटेलिजंट डिझाइन'ची माहिती हवी असेल तर अमुक संदर्भपुस्तक आहे, असं त्यात होतं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. शेवटी प्रशासनातल्या माणसांनी वर्गात येऊन वाचलं. अकरा पालक कोर्टात गेले.

त्या संदर्भपुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात मागवले गेले, आणि इथे मला खटल्यापेक्षा मुद्रितशोधन जास्त आवडतं. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यात सगळीकडे 'क्रिएशनिस्ट्स', म्हणजे सृष्टिवादी. निकालानंतरच्या मसुद्यात त्याच जागी 'डिझाइन प्रपोनंट्स', म्हणजे रचना-समर्थक. बाकी वाक्यं जवळपास तीच. एका ठिकाणी मात्र बदलणाऱ्याचा हात घसरला. जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर पुढे राहिलं, शेपूट मागे राहिलं आणि नवा शब्द मधोमध घुसला. मराठीत करून दाखवायचं तर 'सृरचनासमर्थकवादी'. उत्क्रांतीच्या विरोधात लिहिलेल्या पुस्तकातच दोन जातींमधला दुवा सापडला, असं तेव्हा थट्टेनं म्हटलं जाई.

याच खटल्यात केनेथ मिलर साक्षीला आले. डोव्हरच्या मुलांच्या हातातलं जीवशास्त्राचं पुस्तक त्यांचंच, आणि ते स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी गुणसूत्रांचा दाखला दिला. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसात २३. पूर्वज एकच असतील तर एक जोडी गेली कुठे? ती नुसती गळून पडली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं जोडली गेलेली असायला हवीत आणि त्याची खूण दिसायला हवी. दोरीचा पीळ सुटू नये म्हणून टोकाला गाठ मारतात, तशी प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला एक ठरावीक खूण असते. दोन दोऱ्या एकमेकींना जोडल्या तर टोकाच्या गाठी मध्येच सापडतील. माणसाच्या दोन नंबरच्या गुणसूत्रात मधल्या भागात त्या टोकाच्या खुणा आहेत. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एकच मध्यबिंदू (सेंट्रोमिअर) असतो, इथे मात्र चालू मध्यबिंदूखेरीज दुसऱ्या एकाचे अवशेषही आहेत. जे सापडायला हवं असं सिद्धांत सांगत होता, तेच सापडलं.

२० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, ते धार्मिक मत आहे, सरकारी शाळेच्या विज्ञानवर्गात त्याला जागा नाही. जोन्स रिपब्लिकन, त्यांना नेमलं होतं धाकट्या बुश यांनी. त्याआधी सहा आठवडे डोव्हरच्या मतदारांनी निवडणुकीला उभ्या राहिलेल्या जुन्या मंडळाच्या आठही सदस्यांना घरी पाठवलं होतं. करदात्यानं ठरवावं, असं ब्रायन म्हणत असत. त्यानं ठरवलं. आणि कोर्टखर्चापोटी सुमारे दहा लाख डॉलरही भरले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी माध्यमिक शाळांतल्या ९२६ जीवशास्त्र शिक्षकांच्या पाहणीचे आकडे आले. उत्क्रांती नीट, ठामपणे शिकवणारे २८ टक्के. वर्गात उघडपणे सृष्टिवादाची बाजू घेणारे १३ टक्के. उरलेले सुमारे ६० टक्के सावध. कुणी धडा भरभर उरकतो, कुणी फक्त जंतूंची उत्क्रांती सांगतो आणि माणसाची गाळतो, कुणी म्हणतो परीक्षेला आहे म्हणून वाचा, पटवून घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. या लोकांवर कुणी खटला भरलेला नाही, कुणी त्यांना धमकावलेलंही नसेल. पुढच्या काही वर्षांत चित्र सुधारलं. २०१९ च्या पाहणीत मोजपट्टी जरा वेगळी होती: सृष्टिवादाला थारा न देता, उत्क्रांतीवर वैज्ञानिकांचं एकमत आहे यावर भर देणारे शिक्षक. ते २००७ मधल्या ५१ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेलेले दिसले. तरी राहिलेल्या तेहतीस टक्क्यांत वर्ग किती, मुलं किती. त्या वर्गांत मायक्रोफोन नसतो. सोमवारी सकाळी शिक्षक पुस्तक उघडतो, त्या प्रकरणाशी येतो, घड्याळाकडे बघतो आणि दोन पानं एकदम उलटतो.

नमस्कार.