फ्लेमिंगो बगळ्याचा कोणी लागत नाही

(ऐरोली, खाडीचा काठ. ओहोटी. मागे लांबवर गुलाबी ठिपके.)

नमस्कार मंडळी! मागे ते गुलाबी दिसतंय ना, ते फ्लेमिंगो. मराठीत रोहित. मोबाइलचा झूम एवढाच आहे, सांभाळून घ्या. २०१५ साली ही खाडी अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली, हे तुम्हाला माहीत असेल. मला आज यांच्या नातेवाइकांबद्दल बोलायचंय.

या पक्ष्याचा सगळ्यात जवळचा नातलग कोण? निम्मे जण "बगळा" म्हणाल, उरलेले "करकोचा". लांब पाय, लांब मान, दिवसभर चिखलात उभं राहायचं. शास्त्रज्ञही कितीतरी वर्षं तेच म्हणत होते. काहींनी बदकांशी सोयरीक जुळवली, कारण बोटांमध्ये पडदा, आणि अंगावरच्या उवासुद्धा बदकांच्या उवांसारख्या. हसू नका, उवांचा पुरावा खरंच धरतात.

उत्तर आहे टिबुकली!

तळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येते ना, ती तपकिरी, आखूड मानेची, मुठीत मावेल की काय असं वाटणारी. ती आणि हा उंच गुलाबी गडी, एका घरातले.

आता हे कसं, ते ऐका. ऐरोलीत पाटील आहेत. कोल्हापुरातही पाटील आहेत. म्हणून ते भाऊबंद झाले का? नाही. पाटीलकी हा हुद्दा, ज्यानं काम केलं त्याला नाव चिकटलं. लांब पाय हे तसंच पाटील आडनाव आहे. उथळ पाण्यात उभं राहून पोट भरायचं काम ज्याच्या वाट्याला आलं, त्याचे पाय पिढ्यान्‌पिढ्या लांबत गेले. बगळ्याचे वेगळे लांबले, फ्लेमिंगोचे वेगळे. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

मग नातं बघायचं कशावरून? विली हेनिग नावाच्या जर्मन कीटकतज्ज्ञानं १९५० मध्ये याची शिस्त घालून दिली. नुसतं साम्य मोजू नका, म्हणाला. दोघांच्या घरी भात शिजतो, हा काही नात्याचा पुरावा नाही, तो सगळ्या कोकणात शिजतो. पिसं सगळ्याच पक्ष्यांना असतात, म्हणून पक्ष्यांच्या आपसातल्या भांडणात पिसं बाद. जी नवी खूण फक्त या दोघांच्या पूर्वजात उगवली आणि दोघांकडे उतरली, तीच धरायची.

डीएनएमध्ये अशा खुणा ढिगानं मिळतात, पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना राहून गेलेल्या चुकांच्या रूपात. दोन मुलांच्या पेपरात एकाच शब्दाला ऱ्हस्व-दीर्घाची एकच चूक दिसली तर बाई काय म्हणतात? दोघांनी एकाच वहीतून उतरवलंय. आणि अशा शेकडो चुका जुळल्या तर विषयच संपला. २००१ च्या सुमारास डीएनएनं टिबुकलीचं नाव पुढे केलं तेव्हा पक्षीतज्ज्ञांचा विश्वास बसेना. मग हाडं बघणारे परत हाडांकडे गेले, आणि त्यांनाही खुणा सापडल्या. अंड्याच्या कवचावरचा खडूसारखा थर, तोही दोघांकडे. मला हा भाग फार आवडतो. पुरावा समोरच होता, बघायचं कुठे ते कळत नव्हतं.

(कॅमेरा खाली, चिखलाकडे.)

थांबा, थांबा, ही बघा निवटी! डोळे टाळूवर, पुढच्या परांवर रेटत चाललीय. मासा असून पाण्याबाहेर. ओल्या कातडीतून श्वास घेते. हिला बघून कोणीतरी हमखास म्हणतं, "हीच आपली पूर्वज." नाही हो. निवटी सुरमईच्या बाजूची, तिचे पर बारीक काड्यांवर ताणलेले. आपली फांदी वेगळी. २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेला एल्समेअर बेटावर टिकटालिक नावाच्या माशाचा जीवाश्म सापडला, ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या परांच्या आत खांद्याचं, कोपराचं, मनगटाचं हाड. त्या बाजूचे आज उरलेले मासे म्हणजे फुफ्फुसानं श्वास घेणारा लंगफिश आणि खोल समुद्रातला सीलाकांथ.

आता गंमत. लंगफिश हा सुरमईपेक्षा तुमच्या-माझ्या जास्त जवळचा आहे. म्हणजे मुशी, सुरमई आणि लंगफिश या तिघांना "मासे" म्हणून एका कुळात बसवायचं, तर त्याच कुळात आपल्यालाही पाट मांडावा लागतो. आपल्याला वगळलं तर ते कूळच अर्धवट राहतं.

सकाळी मासळी बाजारात मावशींना मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मुशी घेतोस का, ते सांग आधी."