खुर्ची एक, माणसं चार

(सांगलीत संगीतप्रेमींपुढे दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना पुनरुक्ती काढली आहे. विषयांतरं मात्र तशीच ठेवली आहेत.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'सिंथ शिकताना उत्साह कसा टिकवावा'. सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य; आता ते लॅपटॉपवरही मिळतं. पुढच्या रांगांतल्या काका-काकूंना हे वाचून काय वाटलं असेल, देव जाणे. मागे लॅपटॉपच्या बॅगा मांडीवर घेऊन बसलेली मुलं त्याचसाठी आली आहेत. पुढच्यांना मागच्यांचं कळावं आणि मागच्यांना पुढच्यांचं, एवढा माझा आजचा हेतू. साडेसातला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय, असं मला दोनदा बजावण्यात आलंय. घड्याळ समोर ठेवलंय.

विषयाकडे वळण्याआधी मला चरणजित सिंगांबद्दल बोलू द्या. नाव कुणी ऐकलंय? मागचेच हात वर आले. पुढच्यांनी नाव ऐकलं नसलं तरी त्यांचं वाजवणं नक्की ऐकलंय, कारण हा माणूस मुंबईच्या सिनेसंगीतातला वादक. गिटार, बेस, कीबोर्ड, त्या दिवशी जे लागेल ते. सिनेमातल्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या रेकॉर्डही त्यांच्या नावावर आहेत. पडद्यावर नाव नाही, पोस्टरवर फोटो नाही, पण सकाळी रेकॉर्डिंगला वेळेवर हजर, असा तो वर्ग. त्या वर्गात गोव्याची माणसं किती, पारशी किती, हे वेगळं व्याख्यान होईल. त्यातल्याच केर्सी लॉर्डांवर एक संध्याकाळ मी कधीही देईन, बोलवा.

तर १९८२ साली एचएमव्हीनं चरणजित सिंगांची एक एलपी काढली. नाव, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. दहा राग. यमन, तोडी, भैरवी, मालकंस, मेघमल्हार वगैरे. त्यात तबला नाही. ठेका धरलाय रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशिननं, खाली बेस वाजवतंय त्याच कंपनीचं टीबी-३०३, आणि वर ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर राग चाललाय. हिंदी सिनेमात तेव्हा डिस्कोचा सुकाळ होता. या गृहस्थांना वाटलं, ठेका तोच घ्यावा आणि त्यावर नुसते राग वाजवावेत. हे कर म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रेकॉर्ड खपली नाही. विषय संपला.

संपला कसला! ते टीबी-३०३ बघा. रोलंडनं ते १९८१च्या सुमारास काढलं, ते एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजायचं नाही. १९८४ मध्ये उत्पादन बंद. एकूण दहा हजारांच्या आसपास नग निघाले. मग ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि शिकागोतल्या काही पोरांच्या हाती लागली. त्यांनी ते वाजत असताना बटणं पिळायला सुरुवात केली, त्यातून १९८७ मध्ये फ्यूचर या त्रिकुटाची रेकॉर्ड आली, आणि अ‍ॅसिड हाउस नावाचं नाचाच्या संगीताचं सगळं प्रकरण जगभर पसरलं. २०१०मध्ये चरणजित सिंगांची एलपी युरोपात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडच्या लोकांनी कपाळाला हात लावला: हेच यंत्र, हाच आवाज, आणि शिकागोच्या पाच वर्षं आधी, मुंबईत! सत्तरीच्या घरात असलेला हा माणूस परदेशी रंगमंचांवर पुन्हा तेच वाजवू लागला. २०१५मध्ये गेले.

यावर 'पहिला कोण' असा वाद घालणारे पुष्कळ भेटतात. मला त्याचा कंटाळा आहे. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलीच नव्हती, त्यामुळे आपण विमानाचा शोध पुराणात लावला त्या चालीवर छाती फुगवण्यात अर्थ नाही. (हशा) मला रस आहे तो वेगळ्या गोष्टीत. ३०३ मध्ये काय असतं? एक ऑसिलेटर, म्हणजे मूळ लहर काढणारा भाग. दोन प्रकारच्या लहरी, सॉटूथ किंवा स्क्वेअर. आवाज घडवायला सहा बटणं. आणि एक सोय अशी, की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं का, हे प्रत्येक सुरासाठी ठरवता येतं. मींडेवर पोसलेल्या कानाला आणखी काय पाहिजे? त्या माणसाला मालकंस शिकायचा नव्हता. लय शिकायची नव्हती. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाजाच्या पातळ्या सांभाळायला काचेपलीकडे दुसरा माणूस बसायचा, त्यामुळे ती चिंता आयुष्यभर कधी केली नव्हती. त्याला शिकायचं होतं फक्त हे यंत्र.

आता मागच्या रांगेतला मुलगा घ्या. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रात्री अकराला हेडफोन घालून बसतो. चाल त्यालाच सुचायला हवी. म्हणजे तो संगीतकार. ती कुठल्या वाद्याला द्यायची, मध्ये काय भरायचं, हेही त्यानंच ठरवायचं. म्हणजे तो अरेंजर. जुन्या मुंबईत सेबॅस्टियन डिसूझांसारखा माणूस फक्त तेवढंच काम करायचा, आणि ते काम पूर्ण वेळाचं होतं. मग तो आवाज घडवायचा, म्हणजे वादक, आणि एका परीनं वाद्य करणारा कारागीरसुद्धा. आणि शेवटी सगळ्यांच्या पातळ्या जुळवायच्या, म्हणजे रेकॉर्डिस्ट. खुर्ची एक आणि माणसं चार. चौघंही नवशिके. बरं, चौघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत: संगीतकाराला चाल सुचली की कारागीर म्हणतो, थांब, हा आवाज पातळ आहे. तो जाड करेपर्यंत दीड तास जातो आणि चाल विसरते. मग मुलगा मला विचारतो, 'सर, माझं मोटिव्हेशन जातंय, काय करू?' अरे, तुझं काही जात नाहीये. तू चार जणांचा पगार न देता चौघांना राबवतोयस, ते संपावर गेलेत.

हे माझं आजचं म्हणणं. पण ते नीट मांडण्याआधी एक तक्रार नोंदवतो. प्रीसेटची.

पुढच्यांसाठी सांगतो, प्रीसेट म्हणजे सिंथमध्ये कंपनीनं आधीच भरून दिलेला तयार आवाज. एका कार्यशाळेत, नाव सांगत नाही, शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी मुलांना सगळे प्रीसेट पुसायला लावले. म्हणे, तयार आवाज वापरणं ही चोरी. मुलं पुढे दिवसभर कोऱ्या पडद्याकडे बघत बसली. दुपारनंतर निम्मी चहाला गेली ती आलीच नाहीत. मला राग येतो तो या सोवळ्याचा. १९८३ साली यामाहाचं डीएक्स-७ आलं. त्याच्या आत स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेलं एफएम तंत्र, म्हणजे एका लहरीनं दुसरी हलवून नवा आवाज काढणं, त्यासाठी लहरी काढणारे सहा ऑपरेटर, ते जोडायच्या ३२ तऱ्हा. आणि हे सगळं बदलायला दोन ओळींचा चिमुकला पडदा आणि सपाट बटणं. बहुतेकांनी त्याच्या नादाला न लागता त्यातला तयार इलेक्ट्रिक पियानो उचलला. त्या दशकातल्या निम्म्या हळव्या गाण्यांत तोच ऐकू येतो. त्यांना कुणी चोर म्हटलं का? आपल्याकडे लग्नात, गणपतीत, जत्रेत ऑक्टोपॅड वाजवणारा कलाकार यंत्रातलेच तयार आवाज बडवत असतो. पण तो त्यातून काय काढतो, एकदा जवळ उभं राहून बघा. कुठला आवाज कुठल्या पॅडवर ठेवायचा, कुठे किती जोर द्यायचा, हे त्याचं स्वतःचं असतं. त्याला कुणी विचारत नाही, 'हा ढोल तू स्वतः मढवलास का?'

प्रीसेट पुसू नका. उघडा, आणि आत काय केलंय ते बघा. फिल्टर, म्हणजे आवाजातला काही भाग कापणारी चाळणी, बंद करा, काय राहतं? एक ऑसिलेटर बंद करा, काय गेलं? हीच शिकवणी.

(इथे आयोजकांकडून चिठ्ठी आली.) वीस मिनिटं? बरं. मिरजेचं मात्र घेणारच, त्याशिवाय सांगलीत येऊन उपयोग काय?

मिरज इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा किती नाजूकपणे घासतात, आणि मग तारेखाली सुती दोरा केसभर सरकवला की आवाज कसा एकदम उमलतो, तेही पाहिलं असेल. खर्जाची तार छेडली की तिच्यातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. स्वयंभू गंधार. आता हे ऐका.

(लॅपटॉपवर एक सूर वाजवून दाखवला.)

हा नुसता सॉटूथ. ६५ हर्ट्झचा सा. कर्कश आहे, मान्य. फिल्टर जिथून कापतो ती जागा म्हणजे कटऑफ, आणि त्या जागेवरचा उठाव म्हणजे रेझोनन्स. आता रेझोनन्स वाढवतो आणि कटऑफ अगदी खालून हळूहळू वर नेतो. सा... वरचा सा... आणि हा १९५च्या आसपास पंचम. पुन्हा सा. आणि आता, ३२५ हर्ट्झपाशी, ऐका काकू. गंधार! मी तो वाजवलेला नाही. तो त्या लहरीत होताच, फिल्टरनं फक्त त्याच्यावर बोट ठेवलं. आणखी वर पंचम, आणि मग किंचित उतरलेला असा एक कोमल निषाद. आता लहर बदलतो, स्क्वेअर करतो. सा, आणि थेट पंचम, थेट गंधार. मधले सा गेले. सुराच्या पोटात दडलेल्या या वरच्या सुरांना स्वरांश म्हणतात; त्यातले समसंख्येचे या लहरीत नसतातच, म्हणून ती पोकळ लागते, बँडमधल्या क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांसारखी.

जवारी म्हणजे फिल्टर, असं मात्र मी म्हणत नाही. उद्या कुणीतरी लिहील की मी तसं म्हणालो. फिल्टर असलेलं कापतो किंवा उठवतो. जवारीत तार घोडीच्या उतारावर घासते आणि ताकद वरच्या स्वरांशांकडे वळवते, आणि सूर विझता विझता तो झगमगाट खाली उतरत येतो. पण ज्याचा कान हा झगमगाट ओळखतो, त्याला कटऑफचं बटण दहा मिनिटांत कळतं. ज्याला ओळखता येत नाही, तो सहा महिने व्हिडिओ बघून आकडे पाठ करतो. म्हणून मागच्यांना सांगतो, एकदा मिरजेला जा आणि तासभर कारागिराच्या शेजारी नुसते बसा. आणि डीट्यून, म्हणजे दोन आवाज मुद्दाम किंचित चुकवणं! तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा जराशा चुकल्या की मध्ये लहर उठते: २२० आणि २२१ हर्ट्झच्या असल्या तर सेकंदाला एक. ती घालवायला गवयाचे शिष्य घामाघूम होतात. आमच्याकडे ती मुद्दाम आणायला वेगळं बटण आहे आणि मुलं ते शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. (हशा)

आठ मिनिटं उरलीत. उत्साह. भराभर सांगतो, लिहून घ्या.

चौघांना वेगवेगळ्या संध्याकाळी बोलवा. सोमवारी आवाज घडवायला बसलात तर त्या दिवशी गाणं उघडायचंच नाही. तो रियाज आहे, त्यातून गाणं निघणं अपेक्षित नाही. केलेला आवाज स्वतःला कळेल अशा नावानं जपून ठेवा: 'गंजलेली शहनाई', 'लिफ्ट', काहीही. गुरुवारी गाणं करायला बसलात की त्याच पेटीतले आवाज किंवा प्रीसेट घ्यायचे, नवीन घडवायचा नाही, मग तो कितीही पातळ वाटो. पातळ आवाज नंतर बदलता येतो. विसरलेली चाल परत येत नाही. पातळ्या जुळवायचं काम गाणं संपल्यावर, वेगळ्या दिवशी, ताज्या कानांनी.

सिंथ एकच ठेवा. लॅपटॉपवर चालणारे व्हायटल आहे, सर्ज एक्सटी आहे, पैसे न मोजता मिळतात आणि वर्षभर पुरून उरतात. सवलतीच्या सेलकडे फिरकू नका. नवं यंत्र आलं की पुन्हा चारातला कारागीर एकटाच जागा होतो. कोऱ्या पॅचपासून, म्हणजे काहीच न घडवलेल्या आवाजापासून, सुरू करा आणि एकच ठरलेला आवाज नकलून बघा. हार्मोनियम घ्या: बोट ठेवलं की जरा उशिरा उमलतो, दाबून ठेवलं की तसाच राहतो, सोडलं की लगेच तुटतो. मग संतूर: लगेच वाजतो, पण धरून ठेवता येत नाही. एन्व्हलप, म्हणजे आवाज कसा उमलतो आणि विझतो त्याचा आराखडा, तो एवढ्यात येतो. चार्ट लागत नाही. जमला नाही तर अर्ध्यावर सोडा, दुसरा घ्या. एफएम पहिल्या वर्षी नको. तिथे एक आकडा बदलला की आवाजाचं होत्याचं नव्हतं होतं, आणि का झालं ते कानाला सांगता येत नाही. नवशिक्याचा धीर तिथेच सुटतो.

आठ बारचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा छोटा तुकडा, करून त्याभोवती महिनोन्महिने घुटमळणारे इथे किती आहेत? हात वर करू नका, माहीत आहे मला. त्या लूपला दोन मिनिटांचं करा, वाईट का होईना. सुरुवात, मधे काहीतरी कमी होणं, शेवट. पहिली काही गाणी अरेंजरला शिकवण्यासाठी असतात. ती कुठे चढवायची नाहीत, त्यामुळे लाइक मोजायचा प्रश्नच येत नाही.

ऐकवायचं मात्र, एकाच माणसाला. संगीत न करणारा मित्र निवडा, संगीत करणारा लगेच प्लगिनचं, म्हणजे वापरलेल्या सॉफ्टवेअरचं, नाव विचारतो. 'आवडलं का' असं त्याला विचारू नका, तो हो म्हणणार. त्याच्या हातात फोन द्या आणि सांगा, कंटाळा आला की थांबव. जिथे थांबवेल तो सेकंद लिहून ठेवा आणि पुढच्या गुरुवारी तिथूनच कामाला बसा.