स्टेशन आधी की प्रवासी आधी?

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत भारदस्त छापलाय, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. ओसाकाला गेलो होतो. मित्राचा निरोप आला, ‘उमेदा स्टेशनवर भेट.’ मी उतरलो होतो ओसाका स्टेशनवर. एका वयस्कर गृहस्थांना विचारलं, उमेदाची गाडी कुठून सुटते? त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि बोट सरळ जमिनीकडे दाखवलं. मला वाटलं, भुयारी गाडी असणार. उतरलो खाली. तिथे पाट्याच पाट्या. उमेदा, हिगाशी-उमेदा म्हणजे पूर्व उमेदा, निशी-उमेदा म्हणजे पश्चिम उमेदा, ही तीन भुयारी रेल्वेची. शिवाय हांक्यू आणि हान्शिन या दोन खासगी कंपन्यांची आपापली. गृहस्थांचं म्हणणं इतकंच होतं की बाबा, तू उमेदातच उभा आहेस. जेआर, म्हणजे पूर्वीची सरकारी रेल्वे, ज्याला ओसाका म्हणते, त्यालाच बाकी सगळे उमेदा म्हणतात!

हसू नका. आपल्या दादरला एक नंबरचा फलाट म्हटलं की ‘मध्यचा की पश्चिमचा?’ हे 2023 पर्यंत विचारावं लागत होतंच की.

ही दोन नावं आली कुठून? सरकारी रेल्वे 1874 साली आली आणि स्टेशनाला शहराचं नाव देऊन मोकळी झाली. जागा मात्र वेशीबाहेरची, शेतातली. उमेदा या नावात आज ‘उमे’ची, म्हणजे जपानी आलुबुखाराची, चित्रलिपी आहे, पण मूळ अर्थ ‘बुजवलेलं शेत’ असा सांगतात. दलदलीवर भर टाकलेली जमीन. उच्चार तोच, अक्षर तेवढं गोंडस घेतलं. मुंबईकरांना भरणीचं कौतुक मी काय सांगू? 2019 मध्ये हांक्यू आणि हान्शिननं आपल्या स्टेशनांची नावं ‘ओसाका-उमेदा’ केली. माझ्यासारख्यांचीच सोय, पण मला उशिरा मिळाली.

आता ज्यांच्यासाठी मी उभा राहिलोय ते गृहस्थ, हांक्यू रेल्वेचे संस्थापक कोबायाशी इचिझो. त्यांची विजेवरची गाडी 1910 साली उमेदाहून ताकाराझुकाला निघाली. वाटेत मोठं शहर नाही. लोक म्हणायचे, बसणार कोण? कोबायाशींनी रुळांलगत जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. वाटेतल्या इकेदाला घरं बांधली आणि दहा वर्षांच्या हप्त्यांनी विकली. दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, पोहण्याचा तलाव केला. पाणी इतकं गार की कुणी उतरेना. मग तलावावर फळ्या टाकून प्रेक्षकांची बैठक केली, कपडे बदलायच्या जागेचा रंगमंच केला आणि 1914 साली त्यावर मुलींचे संगीत प्रयोग सुरू झाले. ती नाटक मंडळी आजही चालू आहे. बुडालेल्या धंद्यावर फळी टाकून नाटक उभं करणं हे मराठी माणसालाही जमतं म्हणा, फक्त आपण नंतर फळीसकट बुडतो.

आणि 1929 मध्ये उमेदा स्टेशनातच डिपार्टमेंट स्टोअर. वरच्या मजल्यावर भोजनगृह, करी-राइस प्रसिद्ध. तेवढ्यात मंदी आली. तरुण कारकून येत, नुसता भात मागवत आणि टेबलावरच्या बाटलीतला फुकटचा सॉस त्यावर ओतून खात. याला नावही पडलं, ‘सो-राइस’. कर्मचारी वैतागले. आपल्याकडे काय झालं असतं? ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’च्या शेजारी आणखी एक पाटी लागली असती. पाटी कोबायाशींनीही लावली: नुसता भात मागवणाऱ्या गिऱ्हाइकांचं स्वागत आहे! वर बशीत लोणचं वाढायला सांगितलं. त्यांचा हिशेब असा, की आज ही पोरं फाटकी आहेत. उद्या लग्नं होतील, मुलं होतील, तेव्हा बिऱ्हाडासकट इथेच येतील. ही गोष्ट मी तीन व्याख्यानांत सांगितली आहे आणि तिन्ही वेळा लोणच्यापाशी माझा वेळ संपलाय.

आलीच बघा चिठ्ठी. पाच मिनिटं. बरं, 1934 साली सरकारी रेल्वेचे रूळ वर उचलायचे म्हणून हांक्यूचे वरचे रूळ एका रात्रीत जमिनीवर आणले, त्यावर मी आपल्या मेगाब्लॉकची तुलना करणार होतो, ती गाळतो.

मुद्दा एवढाच. तिकिटाच्या पैशावर ही रेल्वे जगली नाही. सकाळी इकेदाहून कारकून उमेदाला, दुपारी बायकामुलं खरेदीला, रविवारी तेच कुटुंब उलट दिशेनं नाटकाला. गाडी दोन्ही बाजूंनी भरलेली. आपली लोकल सकाळी एका बाजूला लोंबकळते आणि उलट येताना डब्यात पेपर उघडता येतो. कोबायाशींना हे जमलं, कारण रूळ, जमीन, दुकान, नाटक, सगळं एकाच वहीत होतं. नुकसान एका पानावर, नफा पुढच्या. आपल्याकडे पुलाच्या शेवटच्या पायरीपर्यंत रेल्वे, त्यापुढे पालिका. दोघांच्या वह्या वेगळ्या, आणि त्या पायरीपाशी जे पाणी तुंबतं ते कुणाच्याच वहीत नाही. यावर उपाय काय, हा आजचा खरा विषय होता. अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा तो चहाच्या वेळी बोलू.

काय म्हणालात? हो, मित्र भेटला. निशी-उमेदाला, सव्वा तासानं.