बर्लिनच्या मधोमध 2711 खांब आणि सतरा वर्षांचं भांडण

आपल्याकडची ग्रुप टूर बर्लिनला गेली की ब्रँडेनबर्ग गेटपाशी उतरते, फोटोबिटो होतात आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, हिटलरचा बंकर कुठंय हो? तर आहे, जवळच आहे, चालत दहा मिनिटं पण नाही लागत, आणि तिथं बघायला काय तर सोसायटीच्या बिल्डिंगींमधलं कार पार्किंग. 2006 मध्ये फुटबॉल वर्ल्ड कपच्या तोंडावर एक माहितीचा बोर्ड लावला, बास, बाकी काही नाही. मारणाऱ्याच्या वाट्याला पार्किंग, आणि ज्यांना मारलं त्यांच्या स्मारकासाठी पलीकडेच 19,000 चौरस मीटर जागा, तीसुद्धा पार्लमेंट, एम्बसी, मोठमोठी हॉटेलं यांच्या गर्दीत. या जागेचा बाजारभाव काय असेल याचा विचार पुणेकर माणूस पहिल्यांदा करतोच, मीही केला.

स्मारकाचं अधिकृत नाव ‘युरोपातल्या खून केलेल्या ज्यूंचं स्मारक’. आर्किटेक्ट पीटर आयझेनमन, अमेरिकन. करड्या काँक्रीटचे 2711 ठोकळे, सगळ्यांची लांबी 2.38 मीटर आणि रुंदी 0.95 मीटर, उंची मात्र वेगवेगळी, काही घोट्याएवढे तर काही साडेचार मीटरच्या वर. 2711 या आकड्याला काही अर्थ नाही, गाईड सांगतात त्या कहाण्यांवर विश्वास ठेवू नका. कडेला उभं राहिलं की वाटतं ठीके, बसायला बाकडी आहेत, लोक बसलेलेही असतात, सँडविच खात. पण आत शिरलं की जमीन खाली खाली जाते, वर-खाली होते, ठोकळे किंचित कललेले आहेत, आणि वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस. शेजारचा माणूस एका कोपऱ्यावर वळतो आणि दिसेनासा होतो. रस्त्यावरच्या बसचा आवाज येत असतो, पण बस दिसत नाही. कुठंही नाव नाही, तारीख नाही, चिन्ह नाही.

आता इथं बरेच जण म्हणतात, मग यात कळायचं काय? मलाही नुसते ठोकळे बघून फारसं काही कळलं असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला ठोकळ्यांपेक्षा ते उभे राहायच्या आधीचं भांडण जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि आज मी मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

लेआ रोश नावाच्या टीव्ही पत्रकार आणि एबरहार्ड येकेल हे इतिहासकार, यांनी 1988 ला ही मागणी लावून धरली. तेव्हा शहराचे दोन भाग करणारी बर्लिनची भिंत उभी होती आणि आज स्मारक आहे ती जागा तर भिंतीच्या मधल्या पट्ट्यात होती, जिथं पळणाऱ्याला गोळी घालत. भिंत पडली, 1994 ला स्पर्धा झाली, 528 डिझाईन्स आली. त्यातून निवडलं ते शंभर मीटर बाय शंभर मीटरचा तिरपा काँक्रीटचा पाट, त्यावर नावं कोरायची. चान्सलर हेल्मुट कोलना ते पटलं नाही, कॅन्सल. पुन्हा स्पर्धा. मग आयझेनमन आणि शिल्पकार रिचर्ड सेरा यांचं डिझाईन, त्यात बदल सुचवले म्हणून 1998 ला सेरा निघून गेले. 25 जून 1999 ला पार्लमेंटमध्ये मतदान, बाजूनं 314, विरोधात 209. विरोधात मत देणारे सगळे काय नाझी नव्हते हो, कुणाचं म्हणणं खरी जागा म्हणजे नाझींचे कॅम्पच, छळछावण्या, पैसे तिथं खर्च करा, कुणी विचारत होतं की फक्त ज्यूंचंच का, रोमा म्हणजे जिप्सी लोकांचं काय, समलिंगी लोकांचं काय. हा प्रश्न बिनतोड होता, आणि शेवटी त्यांची स्मारकं वेगळी झाली, समलिंगींचं 2008 ला रस्त्यापलीकडे, सिंती आणि रोमांचं 2012 ला. म्हणजे मेल्यावर पण रांग लागली, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

2003 ला काम सुरू झालं आणि नवा बॉम्ब. ठोकळ्यांवर कुणी स्प्रे मारला तर पुसता यावा म्हणून जे कोटिंग लावत होते ते डेगुसा कंपनीचं निघालं. डेगुसाचा हिस्सा असलेली डेगेश ही कंपनी गॅस चेंबरमधलं झायक्लॉन बी हे विष पुरवायची. काम थांबलं, मग उघड झालं की पायाच्या काँक्रीटमध्ये मिसळलेलं एक केमिकलही त्याच ग्रुपमधलं होतं, ते तर आता काढणार कसं! खूप वादावादी झाली आणि शेवटी तीच कंपनी ठेवायची असं ठरलं. माझ्या मते बरोबर ठरलं. कारण तुम्ही डेगुसाला हाकललंत तर पुढचा कोण? तेव्हाच्या कुठल्या मोठ्या जर्मन कंपनीचे हात स्वच्छ होते?

उद्घाटन 10 मे 2005 ला. त्या दिवशी तरी शांतता असेल? छे. लेआ रोश यांनी जाहीर केलं की बेलझेक कॅम्पच्या जागेत त्यांना एक दाढ सापडली होती, ती त्या एका खांबात बसवणार. ज्यू समाजातूनच संताप उसळला, आणि तो विचार सोडावा लागला. आणि जर्मनीतल्या ज्यूंच्या मध्यवर्ती परिषदेचे अध्यक्ष पॉल श्पीगल भाषणाला उभे राहिले आणि सरळ म्हणाले की इथं बळींची आठवण आहे, पण ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल प्रश्नच विचारलेला नाही. उद्घाटनाच्या स्टेजवरून हे बोलायचं म्हणजे, आपल्याकडे कल्पना तरी करून बघा.

आता गर्दीचं. पूर्वेच्या बाजूला कोरा बर्लिनर श्ट्रासे नावाचा रस्ता आहे, 1942 ला नाझींनी हद्दपार करून मारलेल्या एका अर्थशास्त्रज्ञ बाईंचं नाव, आणि त्याच रस्त्यावर खाण्याच्या टपऱ्या आणि सुवेनिरची दुकानं. पोरं ठोकळ्यांवरून उड्या मारतात, गार्ड ओरडतात, सेल्फी तर विचारूच नका. 2017 ला शाहाक शापिरा या बर्लिनमध्ये राहणाऱ्या इस्रायली विनोदी लेखकानं अशा 12 सेल्फ्या सोशल मीडियावरून उचलल्या आणि त्यातली हसरी, नाचणारी माणसं कापून कॅम्पमधल्या प्रेतांच्या फोटोत चिकटवली. लोक हादरले, बहुतेकांनी माफी मागितली, त्यानंही मग ते काढून टाकलं. पण आयझेनमनना स्वतःला शापिराचा हा प्रकार आवडला नव्हता, त्यांचं म्हणणं लोक इथं खातील, खेळतील, खेळू द्या, ही काही दफनभूमी नाही. मी या बाबतीत आयझेनमनच्या बाजूनं. सक्तीची शांतता काय, पोलीस लावूनही मिळते.

पण एक अट. खालच्या मजल्यावर म्युझियम आहे, तिथं उतरलंच पाहिजे, आणि वर फोटो काढणाऱ्यांतले कितीतरी उतरत नाहीत. एका खोलीत जमिनीवरच उजेडाच्या चौकटी आहेत, त्यात छळ चालू असताना लिहिलेल्या 15 चिठ्ठ्या आणि डायऱ्यांचे उतारे, वाचायला मान खाली घालावीच लागते. त्यातली एक लहान मुलीची आहे, 1942 ची, बाबांना लिहिलेली: मरायच्या आधी निरोप घेते, आम्हाला जगायचंय पण जगू देत नाहीत, आणि भीती वाटते कारण लहान मुलांना जिवंतच खड्ड्यात टाकतात. दुसऱ्या खोलीत नावं आणि चार ओळींचं आयुष्य वाचून दाखवतात, एकामागून एक, आणि सगळ्यांचं वाचायचं म्हटलं तर सहा वर्षं, सात महिने आणि 27 दिवस लागतील.

आणि वेळ काढून ग्रुनेवाल्ड स्टेशनचा 17 नंबरचा प्लॅटफॉर्म, बर्लिनच्या ज्यूंना इथूनच गाड्यांत भरून पाठवत. छान बंगल्यांचा भाग, आपल्या प्रभात रोडसारखा. रुळांच्या कडेला 186 लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीवर एका गाडीची तारीख, किती ज्यू, कुठं. पहिली 18 ऑक्टोबर 1941, पोलंडमधलं लोड्झ शहर. शेवटची मार्च 1945 ची, अठरा माणसं, युद्ध संपायला महिना-सव्वा महिना उरलेला आणि यांना अठरा माणसांसाठी गाडीची व्यवस्था करायला सवड होती. तारखा वाचताना मराठी माणसाच्या डोक्यात येतंच की नेताजी एप्रिल 1941 ते फेब्रुवारी 1943 याच शहरात होते. त्यांची गरज काय होती, ते का आले, हे आपल्याला पाठ आहे, पण त्याच शहरातून तेव्हा या गाड्या सुटत होत्या हे आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याच पानावर कधी आलं नाही. मी निकाल देत नाहीये, दोन्ही गोष्टी एका पानावर छापा एवढंच म्हणतोय.

नाहीतर काय होतं ते आपण बघितलंय. स्मारक उघडल्याच्या पुढच्याच वर्षी, 2006 ला, खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं, वर हिटलरचा फोटो. मालकाला बिचाऱ्याला ते नाव नुसतं कॅची वाटलं होतं. मुंबईतल्या ज्यूंनी आवाज उठवला तेव्हा ते बदललं. मुंबईतले ज्यू म्हणजे कोण, तर बरेचसे बेने इस्रायली, अलिबागकडचे आपले शनवार तेली, घरात मराठी बोलणारे. फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र मराठीत अजून विकायला असतं, तेही मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी.

असो. कुणी जाणार असाल तर खालचं म्युझियम सोमवारी बंद असतं, तिकीट नाही, पण बाहेर रांग असते, आणि ग्रुनेवाल्डला जायला एस-बानची, म्हणजे तिथल्या लोकलची, सात नंबरची गाडी. आता प्रश्न घेऊया.