महालातली ओली भिंत

(सकाळ. नागपूरच्या जुन्या महाल वस्तीतली एक बोळ. दुकानांची शटरं अजून खाली.)

या भिंतीला हात लावून बघा. पाऊस जाऊन चार महिने झाले, उन्हाचा चटका सुरू झाला, तरी भिंत घामेजलेली. रंग फुगलाय, पायाशी विटेचा लाल भुगा. मालक म्हणतात, वाडा जुना झाला. भिंत खरवडायला आलेल्या म्हाताऱ्या गवंड्याला ते पटत नाही. "वाडा नाही बिघडला, भाऊ. सिमिटानं बिघडवला."

(गांधी गेट. खालून जाणाऱ्या दुचाक्या.)

१७०२ च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शहाने नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान, त्याने गावाला कोट घातला. कोटाचा जुम्मा दरवाजा आता गांधी गेट म्हणून हॉर्न ऐकत उभा आहे. मग भोसले आले, राजवाडा झाला, त्याच्याभोवती सरदार, चिटणीस, सावकार यांचे वाडे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि राज्य कंपनीच्या घशात गेलं. १८६४ मध्ये जुना राजवाडाही जळाला. वाडे मात्र राहिले. राज्य बुडालं तेव्हा न पडलेले वाडे आता का पडताहेत?

(पुन्हा भिंत. पत्र्याच्या टाकीत भिजणारा चुना.)

एक कारण या टाकीत आहे. जुन्या भिंती विटेच्या आणि चुन्याच्या. जमिनीतली ओल, शेजारच्या नालीचं पाणी भिंत वर ओढतेच. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, भिंत वाळते. मध्ये कधीतरी कुणी सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढवला. भिंत चकचकीत झाली, पण ओल आतच कोंडली. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेत साचले, वीट आतून भुसभुशीत झाली. तीच ओल सागवानी तुळईच्या टोकापर्यंत पोचते, आणि तिथे वाळवी वाटच बघत असते.

गवंडी काठीने चुना ढवळतो. कळी विरलेली हवी, दाणा लागता कामा नये. तो चिमूट बोटांत चोळून बघतो, मान हलवतो, वर गोणपाट टाकतो. आज नाही.

आम्ही विचारलं, एवढी वाट कोण बघतं?

"लोकायले चार दिवसांत पाहिजे."

(चौक. वर कवेलू म्हणजे कौलं, मधे एका भागावर टिनाचं छत.)

दुसरं कारण सात-बाऱ्यासारखं गुंतागुंतीचं. पणजोबांचा एक वाडा, आज पाच हिस्से. ओसरी एकाची, माडी दुसऱ्याची, पुढच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू. त्यांचं महिन्याचं भाडं एका कवेलूवाल्याच्या दिवसाच्या मजुरीला पुरत नाही. मग गळकं छप्पर कुणी शाकारायचं? ज्याच्या डोक्यावर गळतं त्याने. तो टिन टाकतो. त्याला नावं ठेवणं सोपं आहे; आम्हीही कॅमेरा लावण्याआधी ठेवली होती.

शहरात वारसा वास्तूंची यादी आहे, श्रेण्या आहेत, बदलाला समितीची परवानगी लागते. सार्वजनिक इमारतीला त्याचा आधार होतो. घरमालकाला मात्र यादीत नाव म्हणजे अडकलेला सौदा वाटतो, कारण पाटी फुकट मिळते, चुना विकत घ्यावा लागतो.

(रस्त्याकडेचं घर. अर्धं पाडलेलं.)

इथे रस्ता रुंद झाला. घराचा पुढचा भाग गेला आणि माजघराची भिंत रस्त्यावर आली. वर एक कोनाडा दिसतो. आत दिव्याच्या काजळीचा काळा डाग अजून तसाच. खाली पाणीपुरीचा ठेला.

(वाडा. दुपार.)

गवंड्याने सिमेंट खरवडायला घेतलंय. छिन्नीचा आवाज वेगळा येतो: आधी टणटण, मग गिलावा सुटला की बद्द. आतली वीट दिसते, सपाट, पातळ, बोटभर जाडीची. तो ओसरीच्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि थांबतो. भिंत पुढे तशीच जाते, ओली, निळ्या ऑइलपेंटची.

पुढचा हिस्सा चुलतभावाचा. तो पुण्याला असतो, त्याचा फोन यायचा आहे.